शनिवारी मी येते

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझी बायको वारली. ती स्वयंपाकघरात होती. मी ओसरीत पेपर वाचत होतो. भांडं पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. डॉक्टर आले तेव्हा दहाला पाच मिनिटं होती.

त्याच दिवशी दुपारी साडेबाराला वाचनालयातल्या सहा संगणकांनी तिचा लॅपटॉप शोधला. झाडलोट करणाऱ्या बाईंपर्यंत बातमी पोचली नव्हती. त्यांनी रोजच्यासारखं कुलूप उघडलं होतं, केर काढला होता आणि सहाही बटणं दाबली होती. संगणकांनी शोधलं, लॅपटॉप मिळाला नाही, आणि त्यांनी तशी नोंद केली. मंगळवारी तो मिळायचा नसतोच. त्यामुळे त्या दिवसाच्या नोंदीत वेगळं काहीच नाही. हे सगळं मला चौदा महिन्यांनी कळलं.

आम्ही सालेकशाला राहतो. मी इथल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर वाचनालय सांभाळायला घेतलं. ती दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवायची आणि संगणक तिनं स्वतः शिकून घेतला होता. वाचनालयातले सहा संगणक त्याच शाळेनं मोडीत काढलेले. तिनं ते मागून आणले, उघडून ब्रशनं साफ केले, सोबत आलेल्या आणखी दोन मेलेल्यांचे भाग त्यांना लावले आणि सगळ्यांवर नेहमीच्या प्रणालीऐवजी लिनक्स घातलं. मी विचारलं, हेच का? ती म्हणाली, ‘‘जुन्या यंत्रावर चालते, फुकट आहे, आणि आत हात घालता येते. दुसऱ्याच्या आत हात घातला की ते ओरडते.’’

ती इथलीच, कचारगडच्या डोंगराखालच्या गावातली. मी वर्ध्याकडचा. घरात ती माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायची आणि रंगात आली किंवा रागावली की इकडची झाडीबोली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी तिचा राग मला पूर्ण समजला असं म्हणता येणार नाही.

वाचनालयात पुस्तकांसाठी येणारी माणसं थोडी. संगणकासाठी येणारी पुष्कळ. सातबारा काढायचा, आधारची प्रत काढायची, धानखरेदीची नोंदणी करायची, दाखला छापायचा. छापताना कागद अडकला की पडद्यावर इंग्रजी चौकट यायची आणि माणूस हात मागे घ्यायचा. एकदा एक म्हातारबुवा त्या चौकटीला बघून चपला घालून निघून गेले. त्यांना वाटलं, आपण यंत्र मोडलं. ती त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेली आणि त्यांना परत घेऊन आली. त्यानंतर आठवडाभर ती लॅपटॉपला डोकं लावून बसली होती.

तिनं छपाईचा प्रोग्राम उघडून त्यातली सगळी वाक्यं बदलली. कागद संपला की पडद्यावर येऊ लागलं, ‘कागद सरला. मास्तरले सांगा, कपाटात आहे.’ प्रिंटर बंद असला तर, ‘प्रिंटर झोपून आहे. बटन दाबा.’ झाकण उघडं राहिलं तर, ‘झाकन उघडून आहे. काऊन उघडलं?’ रांग असली तर, ‘तुमच्या आधी दोघं आहेत. बसा.’

मी हरकत घेतली. म्हटलं, ‘‘हे जरा नीट मराठीत लिहायला हवं. यंत्राला ही भाषा?’’

‘‘यंत्र कुठं राहते?’’

‘‘वाचनालयात.’’

‘‘वाचनालय कुठं आहे?’’

‘‘सालेकशाला.’’

‘‘मंग?’’ ती म्हणाली आणि मला चष्मा काढून पुसायला लावला. पडद्यावरची अक्षरं नीट दिसतात का ते तिला बघायचं होतं.

इथे मला थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम एका गठ्ठ्यासारखा येतो, त्याला पॅकेज म्हणतात. ही पॅकेजेस दूरच्या भांडारांत ठेवलेली असतात. संगणक अधूनमधून भांडाराकडे जातो, तिथली यादी आणतो आणि नवं काही असलं तर आणून बसवतो. प्रोग्राममध्ये एखादं छिद्र सापडलं, म्हणजे चोराला आत येता येईल अशी जागा, तर ती बुजवलेलं पॅकेजही याच वाटेनं येतं. तिनं बदललेला छपाईचा प्रोग्राम हे तिचं स्वतःचं पॅकेज होतं. ते ठेवायला तिनं आपल्या लॅपटॉपवर एक छोटं भांडार केलं होतं.

पण बाहेरच्या भांडारात त्याच प्रोग्रामचं नवं रूप आलं की संगणक तिचं काढून ते बसवायचा आणि प्रिंटर पुन्हा इंग्रजी बोलायचा. एका वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत तसं झालं. बायका चिखलाचे पाय धुऊन, तासाभरासाठी म्हणून आलेल्या. पडद्यावर इंग्रजी बघून त्या तशाच बसून राहिल्या. त्या संध्याकाळी तिनं आकड्याची फाईल केली.

कोणत्या भांडाराचं आधी घ्यायचं हे संगणक एका आकड्यावरून ठरवतो. तिनं मला ते जेवताना समजावलं होतं. ‘‘पाचशे म्हणजे पंगतीतला कोणीही. नवीन आला की जुन्याच्या जागी बसते. नऊशे दिले तर मानाचा पाहुणा, त्याले आधी वाढा. पण हजाराच्या वर आकडा गेला की तो जावई. जावई आला की पाटावर बसून असलेल्यालेही उठवते.’’

‘‘मग तू तुझ्या भांडाराला किती दिलेस?’’

‘‘एक हजार एक.’’

एक हजार एक म्हणजे बाहेर कितीही नवं आलं तरी संगणक तिचंच धरून ठेवणार. चुकून कोणी नवं बसवलं तर ते काढून मागे जाणार आणि तिचं जुनं पुन्हा बसवणार. मला हे धोक्याचं वाटलं नाही, कारण ती दर शनिवारी बघायची. शनिवारी तिची शाळा सकाळची असे. अकराला सुटली की ती घरी येऊन जेवायची, लॅपटॉप कापडी पिशवीत घालायची आणि बाराच्या सुमारास वाचनालयात यायची. आठवड्यात बाहेर कुठली छिद्रं बुजवली गेली ते तिनं घरी वाचलेलं असे. छपाईच्या प्रोग्रामचं नवं रूप आलेलं असलं तर त्यात आपली वाक्यं घालून ते तयार केलेलं असे. ती लॅपटॉपला निळी वायर लावायची. साडेबाराला सहाही संगणक तो शोधायचे, त्यांना तो सापडायचा आणि ते नवं घेऊन जायचे. त्यांनी रोज शोधावं हेही तिनंच ठरवलं होतं. मी म्हटलं, शनिवारीच शोधू दे की. ती म्हणाली, ‘‘एखाद्या बुधवारी आली तर?’’

मधल्या दिवसांत पडद्यावर अपडेटची चौकट आली तर लोकांनी काय करायचं, याची तिनं सहा कागदांवर सूचना लिहिली होती. प्रत्येक संगणकावर एक चिकटवलेली.

‘अपडेट विचारलं तर ‘नाही’ दाबा. शनिवारी मी येते.’

ती गेल्यावर महिनाभरात ते कागद पिवळे पडू लागले. शाई उडू लागली. मी ते अलगद काढले, स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये घालून घेतले आणि पुन्हा होते तिथे लावले. हे काम मी फार काळजीनं केलं. एकाही कागदाचा कोपरा फाटू दिला नाही.

लोकही ती सूचना पाळत होते. ती असताना कोणी कधी चुकून ‘हो’ दाबायचं. ती गेल्यावर कोणीही दाबलं नाही. मी स्वतः पहिल्या संगणकावर रोज सकाळी ‘नाही’ दाबायचो आणि मला बरं वाटायचं. चौदा महिने आम्ही सगळे मिळून नाही म्हणत राहिलो.

मागच्या कार्तिकात धान कापून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या झाल्या आणि एका दुपारी प्रिंटर आपोआप सुरू झाला. वाचनालयात मी आणि झाडलोटवाल्या बाई दोघंच होतो. कोणीही काही छापायला दिलेलं नव्हतं. एक कागद बाहेर आला, मग दुसरा. त्यांच्यावर चिन्हं होती, मध्येच एखादं इंग्रजी अक्षर, पुन्हा चिन्हं. तिसरा कागद अर्धा येऊन थांबला आणि पडद्यावर चौकट आली, ‘कागद अटकला. वढू नका. झाकन उघडा, हळूच काढा.’

बाई झाडू टेकवून उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येतं, पण त्यांनी मलाच वाचायला लावलं. मग म्हणाल्या, ‘‘मास्तर, मॅडम काही सांगून राहिल्या का?’’

‘‘तसं काही नसतं, बाई.’’

‘‘मंग कोन छापून राहिलं?’’

त्यांनी हळूच कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि त्या दुसरीकडे झाडायला गेल्या. जाताना पहिल्या संगणकाजवळ थांबल्या.

‘‘ह्या पाटीवर ‘येते’ लिहून आहे. येतात का त्या?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग कायले ठेवलं?’’

बाई असं तोंडावर विचारतात. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. मीही रागावलो नाही. मी ते तीन कागद घरी नेले. सांगायला संकोच वाटतो, पण पुढचे आठ दिवस मी ते वाचायचा प्रयत्न केला. आयुष्यभर मी जीर्ण पोथ्यांतली पुसट अक्षरं लावत आलो. मला वाटलं, बघावं. रोज दोन-चार कागद नवे यायचे. मी त्यांना क्रम दिला, कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते पेन्सिलीनं टिपलं. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी ते करत होतो.

नवव्या दिवशी मी गोंदियाच्या दुकानदाराला फोन केला. संगणक दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे. जुने भाग तिनं त्याच्याकडूनच आणलेले. तो हिंदीत मराठी मिसळून बोलतो आणि तिच्याशी त्याचं कायम वाजायचं. ‘‘भाभीजी, ये लिनक्स छोडो,’’ तो म्हणायचा. ‘‘सोडते, तुमचं दुकान चालावं म्हणून,’’ ती म्हणायची. बुधवारी तो आला. कागद पाहिले आणि हसला. मग मी कागदांवर आकडे घातलेले त्याला दिसले आणि त्याचं हसू थांबलं.

‘‘गुरुजी, भूत-बीत कुछ नहीं है. कोई बाहर से घुसने की कोशिश कर रहा है.’’

‘‘कोण?’’

‘‘कोणी पण. दूर बसलेला कोणी. छपाईच्या प्रोग्राममध्ये छेद आहे, तो तिथं ठोकून राहिला. ठोकलं की कचरा छापते. अजून आत आला नसेल. आला तर?’’ त्यानं दुसऱ्या संगणकातला एक कप्पा उघडून दाखवला. लोकांचे सातबारे, आधारच्या प्रती, बँकेच्या पासबुकांची पहिली पानं. लोक काढून जायचे आणि मागे राहायचं. ‘‘अख्खा तालुका आहे इथं. आणि सोमवारपासून तुमची धानाची नोंदणी सुरू. अजून हजार माणूस येईल.’’

‘‘छिद्र बुजवता येत नाही?’’

‘‘बुजवून आठ महिने झाले. नवा पॅकेज येऊन पडलाय. तुमची मशीन लेच नहीं रही.’’ त्यानं कळफलकावर काही लिहिलं, पडदा माझ्याकडे फिरवला. ‘‘देखो. बाहेरचा नवा, त्याला पाचशे. हा भाभीजींचा जुना, त्याला हजार एक. मशीन म्हणते, मला हाच पाहिजे.’’

‘‘पण लॅपटॉप तर घरी बंद आहे. भांडार नाही, मग आकडा कुणाला?’’

त्यानं पडद्यावरची एक ओळ दाखवली. मी ती इंग्रजीतून मनात मराठी केली. काही याद्या मिळाल्या नाहीत. त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, किंवा जुन्याच वापरल्या.

‘‘शेवटची यादी जपून ठेवली आहे हिनं,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच्यावरच चालून राहिली.’’

मग त्याला तिची नोंदीची फाईल सापडली. संगणक रोज साडेबाराला एक ओळ लिहायचा, आणि ती ओळही तिनंच ठरवलेली होती. सापडला नाही. सापडला नाही. सापडला नाही. सुट्टीचे दिवस सोडले तर चौदा महिने तेच. आम्ही दोघं मागे मागे जात राहिलो. एका ठिकाणी सहा वेळा ‘सापडला नाही’ नंतर ‘सापडला’ आलं. तो तिचा शेवटचा शनिवार होता. दुकानदारानं कळफलकावरून हात काढून घेतले.

‘‘ये तो भाभीजी को ढूंढ रही है, गुरुजी.’’

तो म्हणाला, सगळं पुसून दुसरं टाकतो, एका दिवसाचं काम. मी नको म्हटलं. मग म्हणाला, निदान आकड्याची फाईल काढून टाका, बाकी आपोआप होईल. नवा प्रोग्राम बसेल, छिद्र बुजेल.

‘‘आणि तिची वाक्यं?’’

‘‘ती जाणार. ते भाभीजींच्या पॅकेजात आहेत.’’

‘‘ती नव्यात घालता येणार नाहीत?’’

‘‘मला नाही येत. खोटं कायले बोलू. ते त्यांचं हुनर होतं.’’ तो उठला. ‘‘फाईल मी नाही काढणार. भाभीजींचा हुकूम आहे, तुमच्या घरचा मामला. तुम्ही काढा. बस सोमवार के पहले.’’ जाण्यापूर्वी त्यानं बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काही दिवसांपुरती काढून ठेवली, आणि माझ्या सांगण्यावरून आकड्यांच्या नियमांची सोळा पानं छापून दिली.

गुरुवारचा दिवस मी ती सोळा पानं वाचण्यात घालवला. इंग्रजी सोपं होतं, वाक्यं कोरडी. शून्याच्या खाली आकडा दिला तर ते भांडार असूनही नाही असं धरायचं. शंभर दिले तर तिथलं पॅकेज असेल तिथे राहू द्यायचं, पण दुसरं नवं आलं तर त्याला जागा द्यायची. हजाराच्या वर दिला तर मागे जायलाही तयार व्हायचं. हे वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. तिनं जावयाची गोष्ट सांगितली तेव्हा मी हसलो होतो, पण मागे जाण्याबद्दल ती काय म्हणाली होती याकडे माझं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी मी तिची वाक्यं उतरवून घ्यायला बसलो. ती एखाद्या फाईलमध्ये एकत्र असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला एकच मार्ग माहीत होता. चूक केली की ती बोलते. मी प्रिंटरमधले सगळे कागद काढले आणि छापायला दिलं. ‘कागद सरला. मास्तरले सांगा, कपाटात आहे.’ वहीत लिहिलं. झाकण उघडं ठेवलं. वायर काढली. कागद दुमडून मुद्दाम तिरका घातला. शाईची नळी बाहेर काढली, तेव्हा आलं, ‘शाई कुठं नेली?’ एकाच वेळी सहाही संगणकांवरून छापायला दिलं, तेव्हा आलं, ‘तुमच्या आधी पाच जन आहेत. चहा पिऊन या.’ हे मी याआधी कधीच पाहिलं नव्हतं, कारण आमच्याकडे एका वेळी पाच जण कधी छापत नाहीत. मला एकट्याला हसू आलं.

नेमका तेव्हा दुकानदार त्याच्या दुकानात राहिलेली तिची एक वायर परत द्यायला आला. मी जमिनीवर बसलेलो, भोवती चुरगळलेले कागद, हातात शाईची नळी, बोटं काळी. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

‘‘काय चाललंय?’’ त्यानं बाईंना हळूच विचारलं.

‘‘सकाळपासून मशीन मोडून राहिले,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मोडत नाही.’’

मी त्याला वही दाखवली. तो माझ्या शेजारी बसला आणि आणखी कुठल्या चुका होऊ शकतात ते आठवू लागला. वेगळ्या मापाचा कागद. अर्धवट उतरलेली फाईल. अशा त्यानं मला चार चुका शिकवल्या. शेवटी तो म्हणाला, ‘‘छपाई मध्येच थांबवा.’’ मी थांबवली.

‘थांबवलं. काही बिघडलं नाही.’

ते सत्ताविसावं वाक्य. मी ते लिहिलं आणि वही मिटली.

तरी आकडा बदलायला माझा हात होईना. संध्याकाळी घरी मी कपाटातून लॅपटॉप काढला आणि चार्जरला लावला. शनिवारी सकाळी झाकण उघडून बटण दाबलं. पडद्यावर तिचं नाव आलं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. पासवर्ड मला माहीत नव्हता. ओळखायचा प्रयत्न मी केला नाही. लॅपटॉप तसाच चालू ठेवून कापडी पिशवीत घातला आणि बाराच्या सुमारास वाचनालयात गेलो. तिच्या टेबलावर ठेवला. निळी वायर लावली.

मला नेमकं काय हवं होतं ते आता सांगता येत नाही. चौकट भरल्याशिवाय लॅपटॉप कामाला लागत नाही अशी माझी समजूत होती. त्यामुळे काही होईल असं मला वाटलं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की शनिवार आहे आणि सोमवारनंतर हे करता येणार नाही.

साडेबाराला मी पहिल्या संगणकावर नोंदीची फाईल उघडली.

‘सापडला. नवीन काही नाही.’

मी दुसऱ्या संगणकाकडे गेलो. मग तिसऱ्याकडे. सहाही ठिकाणी तेच. नंतर दुकानदारानं फोनवर समजावलं, की भांडार पासवर्डची वाट बघत नाही, लॅपटॉप सुरू झाला की तेही सुरू होतं. ते बरोबर असणार. पण त्या वेळी मी फोन केला नव्हता. मी तिच्या खुर्चीवर बसून होतो. बाहेर रस्त्यावरून धानाचा एक ट्रॅक्टर गेला. मी त्या दोन वाक्यांकडे बघत होतो. पहिल्यासाठी मी चौदा महिने थांबलो होतो, आणि दुसरं मला ठाऊक होतं.

संगणकांतलं काहीही बदलू देणारा प्रमुख पासवर्ड तिनं वाचनालयाच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेला होता. मी आकड्याची फाईल उघडली. तिच्यात तीन ओळी यंत्रासाठी होत्या. त्याखाली माणसांसाठीच्या ओळी, ज्या यंत्र वाचत नाही. पहिली, ‘नवं आलं तरी आपलंच. शनिवारी बघणे.’ आणि तिच्याखाली तारखा, प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द. बघितलं. बघितलं. बघितलं. पडदा सरकवत मी खाली गेलो. शेवटचं ‘बघितलं’ तिच्या त्याच शेवटच्या शनिवारचं होतं. त्यानंतर काही नव्हतं. एक हजार एक हा आकडा ज्या शब्दावर उभा होता तो तिथे संपला होता, आणि आम्ही फक्त आकडा सांभाळत बसलो होतो.

मी एक हजार एक खोडून शंभर लिहिलं. फाईल काढली नाही. तिच्या शेवटच्या ओळीखाली त्या दिवशीची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, बघितलं. सहाही संगणकांवर हेच केलं. दुकानदार फोनवर होता. त्याच्या सांगण्यावरून मी बाहेरची वायर पुन्हा लावली. चौकट आली. पाटीवर तिचं अक्षर होतं. मी ‘हो’ दाबलं.

दोन तास लागले. मग मी सहाही पाट्या काढल्या.

सोमवारी नोंदणीला गर्दी झाली. प्रिंटर आपोआप काही छापत नव्हता. अकराच्या सुमारास बाई स्वतःच्या बांधीचा सातबारा छापायला बसल्या आणि कागद अडकला. पडद्यावर इंग्रजी चौकट आली. बाईंनी हात मागे घेतला.

‘‘मास्तर, ही मशीन काय म्हणून राहिली?’’

मी टेबलावरूनच सांगितलं, ‘‘कागद अटकला. वढू नका. झाकन उघडा, हळूच काढा.’’

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुम्ही कवापासून असं बोलाले लागले?’’ म्हणाल्या, आणि झाकण उघडून कागद हळूच काढला.

आता वाचनालयात सहा संगणक आहेत. टेबलाच्या खणात एक वही आहे, तिच्यात सत्तावीस वाक्यं आणि प्लास्टिकमधले सहा कागद आहेत. लॅपटॉप घरी कपाटात आहे. दर शनिवारी मी फाईल उघडतो, बाहेरून काय आलं ते वाचतो आणि तारखेपुढे ‘बघितलं’ लिहितो. रोज दुपारी साडेबाराला संगणक तिचा लॅपटॉप शोधतात. तो सापडत नाही. ते तसं लिहून ठेवतात.